धडधाकट घेतला होता ना?

फौजेच्या वैद्यकीय मंडळाच्या, म्हणजे बोर्डाच्या, कागदावर एक ओळ असते: हा आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. मूळ इंग्रजी वाक्याची आद्याक्षरं जोडून फौजेत तिला ‘नाना’ म्हणतात. ‘त्याचं काय झालं?’ ‘नाना लिहिलंय.’ एवढ्यावर बोलणं संपतं आणि बोर्ड आउट झालेल्या, म्हणजे आजारामुळे नोकरीतून काढलेल्या, जवानाचा अपंगत्व पेन्शनचा हक्कही तिथेच संपतो. मी फौजेत क्लार्क होतो. निवृत्तीनंतर नागपुरात माजी सैनिकांचे अर्ज आणि अपिलं लिहून देतो. आजार मनाचा असला की कागद उघडण्याआधीच मला ही ओळ दिसू लागते.

काही दिवसांपूर्वी माजी सैनिकांच्या एका मेळाव्यात फौजेच्या वैद्यकीय सेवेतून निवृत्त झालेले एक डॉक्टर बोलले. त्यांचं म्हणणं असं की, स्किझोफ्रेनियासारखा आजार रक्तातून येतो, फौज तो देत नाही. भरतीच्या वेळी तो दिसत नाही, त्यामुळे भरती करणाऱ्या डॉक्टरला दोष देता येत नाही. पुष्कळांचा आजार पीस पोस्टिंगमध्ये, म्हणजे शांत ठिकाणच्या नेमणुकीत, उघड होतो आणि तिथे कसला आलाय ताण? न्यायालयं अशीच उदार राहिली तर गोळी खाल्लेल्या खऱ्या जखमींच्या हक्काचं काय, असंही ते म्हणाले. टाळ्या पडल्या.

डॉक्टरसाहेब मनापासून बोलले, त्यांचा अनुभवही मोठा आहे. पण ते चुकीचं बोलले आणि या चुकीची किंमत विदर्भातली किती तरी घरं मुकाट्याने भरत आहेत. म्हणून उत्तर देणं भाग आहे.

त्या दिवशी मागच्या रांगेत काटोलकडच्या एक बाई बसल्या होत्या. पुढच्या आठवड्यात त्या कापडी पिशवीत कागद घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगा विशीत भरती झाला, काही वर्षं डोंगरावर होता, मग खाली आला, आणि खाली आल्यावर त्याला आवाज ऐकू यायला लागले. मिलिटरी हॉस्पिटल, बोर्ड, घर. घरी आल्यापासून तो दाराला आतून कडी लावून बसतो. त्याला प्रादेशिक मनोरुग्णालयात न्यायचं तर रिक्षावाल्याला पत्ता सांगणं बाईंच्या जिवावर येतं, कारण नागपुरात त्या चौकाला लोक आजही पागलखाना चौक म्हणतात. बाईंनी कागद टेबलावर ठेवले आणि एकच वाक्य बोलल्या, ‘म्या पोट्टा धडधाकट देल्ला होता जी. वापस असा काऊन देल्ला?’

या बाईंना कायदा माहीत नाही. पण देशाचा पेन्शनचा कायदा नेमकं हेच वाक्य बोलत आला आहे.

जखमी आणि आजारी सैनिकांच्या पेन्शनचे १९८२चे हक्कनियम पाहा, २००८ साली नवे नियम येईपर्यंत तेच लागू होते. भरतीच्या वेळी सैनिक शरीराने आणि मनाने निरोगी होता असं धरून चालायचं, अपवाद फक्त त्या वेळच्या वैद्यकीय तपासणीत नोंदलेल्या दोषाचा. पुढे आजारामुळे त्याला काढावं लागलं तर प्रकृतीतला तो बिघाड सेवेमुळे झाला असं मानायचं. हक्क सिद्ध करण्याचं ओझं सैनिकावर टाकायचं नाही. वाजवी शंका उरली तर तिचा फायदा सैनिकाला द्यायचा, आणि फील्डमध्ये असलेल्याला तो अधिक मोकळ्या हाताने द्यायचा. हे नियम सैनिकांच्या संघटनांनी लिहून घेतलेले नाहीत, सरकारने स्वतः केलेले आहेत. त्यांच्या जोडपत्रात आजारांची वर्गवारी आहे. ताणतणावाचा ज्यांच्यावर परिणाम होतो अशा आजारांच्या यादीत रक्तदाबाच्या सोबतीला सायकोसिस आणि सायकोन्यूरोसिस ही नावं स्पष्ट छापलेली आहेत. मनाचा आजार आणि सेवेतला ताण यांचं नातं न्यायाधीशांनी दयेपोटी जोडलेलं नाही. ते संरक्षण मंत्रालयाच्याच कागदावर होतं.

या नियमांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग खटल्यात लावून दिला. सिग्नल कोअरमधला हा जवान १९८५ साली भरती झाला आणि नऊ वर्षांच्या नोकरीनंतर १९९४ साली फिट येण्याच्या आजारामुळे त्याला घरी पाठवण्यात आलं. अपंगत्व २० टक्के, पेन्शन शून्य, कारण शेरा तोच. न्यायालयाने सांगितलं की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेत उद्भवला असं मानावं लागेल. बोर्डाला याच्या उलट म्हणायचं असेल तर त्या वेळच्या तपासणीत तो का सापडू शकला नसता, याची कारणं लिहावी लागतील. जवान घरी आला १९९४ साली आणि निकाल लागला २०१३ साली. मधली १९ वर्षं त्या घराने कशी काढली असतील याचा हिशोब कुठल्याच निकालपत्रात नसतो.

मनाच्या आजाराच्या खटल्यांतल्या जवानांची नावं मी इथे मुद्दाम देत नाही. निकालपत्रांत ती आहेत. आजार आधीच ज्यांच्या नावाला चिकटला, त्यांचं नाव पुन्हा छापायचं मला धाडस होत नाही.

डॉक्टरसाहेबांच्या बाजूने एक मोठा निकाल आहे आणि तो लपवून मला वाद जिंकायचा नाही. ३ ऑक्टोबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी एका जवानाची स्किझोफ्रेनियाची मागणी फेटाळली. त्यांचं म्हणणं असं होतं की, भरतीच्या वेळी माणूस नीट वागत असेल तर मनाचा आजार डॉक्टरला सहसा दिसत नाही. तो तेव्हा न दिसण्याची शक्यता आहे, म्हणून सेवेतच झाला असं गृहीत धरता येत नाही. तेव्हापासून नकाराच्या पत्रांना या निकालाचा टेकू मिळाला आहे.

हा युक्तिवाद मी खूपदा वाचला आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी अडलो. आजार तेव्हा असू शकतो आणि नसूही शकतो, डॉक्टरला कळत नाही. बरं. मग हीच तर शंका झाली. शंका कुणाच्या पारड्यात टाकायची हे नियमाने आधीच ठरवून ठेवलं आहे. भरतीचा डॉक्टर ‘मला दिसलं नाही’ म्हणून सुटतो. दहा वर्षांनी दुसरा डॉक्टर, पहिल्याला न दिसलेली तीच गोष्ट तेव्हा होती असं सुचवतो, आणि त्यावर पेन्शन कापली जाते. एकाच अज्ञानाचा फायदा दोन्ही वेळा सरकारला मिळतो आणि तोटा दोन्ही वेळा जवानाला. या पोराच्या हातात आपण रायफल दिली, त्याला रात्रीच्या गस्तीवर पाठवलं, दारूगोळ्याच्या कोठारावर पहाऱ्याला उभं केलं. त्या सगळ्या वर्षांत त्याच्या मनाबद्दल कुणालाच शंका आली नाही. शंका आली ती पैसे द्यायची वेळ आल्यावर.

बोर्डाच्या कागदांतला आणखी एक रकाना वाचकांनी पाहावा. एएफएमएसएफ-१६ हा बोर्डाचा फॉर्म. त्यात विचारलेलं असतं, भरतीपूर्वी हा आजार होता का? अनेक निकालपत्रांत दिसतं की बोर्डाने तिथे ‘नाही’ लिहिलेलं आहे. मग त्याच कागदावर खाली आजार सेवेमुळे नाही आणि सेवेत बळावलाही नाही असं लिहिलेलं असतं. आधी नव्हता, नोकरीत झाला, तरी नोकरीशी संबंध नाही. कारणाच्या जागी एक शब्द येतो, ‘प्रकृतिगत’. हा शब्द मला कारण वाटत नाही. कारण सापडलं नाही, एवढंच तो सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२५ रोजी स्किझोफ्रेनियामुळे काढलेल्या एका जवानाला न्याय देताना याच जागी बोट ठेवलं. बोर्डाच्या मतामागे कारणं लिहिलेली असलीच पाहिजेत. ती नसतील तर त्या मताच्या आधारावर माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवता येत नाही.

आता रक्ताचा मुद्दा. स्किझोफ्रेनियात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे मला मान्य आहे. मानसोपचाराचं शास्त्र ते सांगतं. पण तेच शास्त्र असंही सांगतं की, अगदी एकसारख्या जुळ्या भावांत एकाला हा आजार झाला तरी दुसऱ्याला तो होतोच असं नाही. निम्म्या किंवा त्याहून जास्त जोड्यांत दुसरा भाऊ बरा राहतो. दोघांचं रक्त एकच असतं, मग फरक कशाने पडला? झोप, भीती, एकटेपणा, घरापासून तुटणं, आयुष्यात आलेलं एखादं संकट. फौजेच्या नोकरीत हे सगळं मोजून मापून मिळतं.

शिवाय नियम दोन वेगळे प्रश्न विचारतो. आजार सेवेमुळे झाला का, हा पहिला. सेवेमुळे वाढला का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तरी हक्क मिळतो. डॉक्टरसाहेबांचं संपूर्ण भाषण पहिल्या प्रश्नावर होतं. समजा, मुलाच्या रक्तात ते बी होतं. पण जमिनीत पडून राहिलेल्या बियाला पाणी कुणी घातलं? महिनोन्महिने झोप मोडणाऱ्या ड्युट्यांनी आजार वाढला नाही असं बोर्ड कशावरून ठरवतं, हे कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं.

पीस पोस्टिंगच्या मुद्द्यावर मला स्वतःबद्दल काही सांगायचं आहे. मनाच्या आजाराच्या प्रत्येक जवानासोबत युनिटच्या कमांडरचा एक अहवाल हॉस्पिटलला जातो, एएफएमएसएफ-१०. तो वागतो कसा, कामात कसा आहे, कुठे होता, कशाने बिघडला, हे त्यात लिहायचं असतं. मी असे अहवाल टाइप केले आहेत. साहेबांच्या सहीची घाई असायची, जुना अहवाल समोर ठेवून नवा बनवायचो. ‘ठिकाण पीस, कामाचा विशेष ताण नाही’ ही वाक्यं माझ्या बोटांना पाठ झाली होती. तो पोरगा सहा महिन्यांपूर्वी कुठून खाली आला होता हे त्या कागदावर नसायचं. कुणी विचारलं नाही, मीही लिहिलं नाही. आज त्याच वाक्यांवर आधारलेले नकार माझ्या टेबलावर येतात, तेव्हा कागदावर नसलेली वर्षं मला दिसतात.

वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी सरकारची मार्गदर्शिका आहे. तिच्या २००८च्या आवृत्तीत मनाच्या आजाराचा सेवेशी संबंध कुठे मान्य करावा याची यादी आहे: लढाईचा किंवा दहशतवादविरोधी कारवाईचा प्रदेश, अति उंचावरची सेवा, अगदी एकाकी चौक्या, जीवितहानी झालेले वाहन अपघात. यादी चांगली आहे. तिचा वापर मात्र उलटा होतो. आजार यादीतल्या ठिकाणी फुटला तर मान्य, खाली उतरल्यावर फुटला तर नाही. पण मन पोस्टिंगच्या आदेशाप्रमाणे चालत नाही. वर असताना माणूस दात आवळून उभा राहतो, कारण तिथे कोसळायला जागाच नसते. तो कोसळतो सुरक्षित जागी, दोन वेळचं गरम जेवण मिळू लागल्यावर. आघातानंतरचा ताण महिन्यांनी, कधी वर्षांनी वर येतो, हे मानसोपचारात कधीचं मान्य झालेलं आहे. अमेरिकेने जुलै २०१० मध्ये माजी सैनिकांसाठी नियम सोपा केला. युद्धभूमीवर शत्रूच्या हल्ल्याची भीती वाटली, ती त्याच्या सेवेच्या जागेशी जुळते आणि सरकारी मानसोपचारतज्ज्ञाने आजाराला दुजोरा दिला, तर ठरावीक घटनेचा वेगळा पुरावा मागायचा नाही. ब्रिटनने पहिल्या महायुद्धात पळपुटेपणासारख्या आरोपांखाली ३०६ सैनिकांना गोळ्या घालून मारलं. त्यांतले अनेक मनाने खचलेले होते. त्यांना माफी मिळाली २००६ साली. भित्रा कोण आणि आजारी कोण हे ओळखायला एका देशाला नव्वद वर्षं लागली.

पीस पोस्टिंगच्या तर्कावर आपल्या न्यायालयांचं मतही आता बदललेलं आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मधुमेह झालेल्या एका सुभेदाराच्या बाजूने निकाल देताना स्पष्ट केलं की, केवळ आजार पीस स्टेशनवर सुरू झाला म्हणून त्याचा सेवेशी संबंध नाही असं म्हणता येणार नाही. मधुमेहाला लागू होणारी गोष्ट मनाला लागू होत नसेल, तर का नाही हे सांगण्याची जबाबदारी बोर्डाची आहे.

राहिला गैरवापराचा आक्षेप. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे हक्कनियम आले, तेव्हा हाच मुद्दा सर्वांत मोठ्याने मांडला गेला. महालेखापरीक्षकांच्या अहवालातले आकडे पुढे केले गेले. त्या अहवालाप्रमाणे निवृत्त होणाऱ्यांत अपंगत्व पेन्शन घेणाऱ्या अधिकाऱ्यांचं प्रमाण जवानांच्या दुपटीच्या घरात होतं आणि चर्चा मुख्यतः रक्तदाब, मधुमेह अशा आजारांची होती. पूर्ण नोकरी करून, पूर्ण पेन्शन घेऊन निवृत्त होणाऱ्या एखाद्याने खोटा रक्तदाब दाखवला असेल तर त्याला जरूर पकडा. त्याचा आणि सव्विसाव्या वर्षी नोकरी गमावलेल्या जवानाचा संबंध काय? वेडेपणाचं सोंग घेऊन कोण काय कमावतं? लग्न मोडतं, खासगी सुरक्षारक्षकाची नोकरीसुद्धा मिळत नाही, गावात पोरं मागे लागतात. आणि मिळतं काय? अपंगत्वाचा भाग शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, त्याखाली त्याच प्रमाणात. एवढ्यासाठी कुणी स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या आड येणारा शिक्का कपाळावर मारून घेत नाही.

गोळी खाल्लेल्यांचा हक्क या पोरांमुळे मारला जातो, हे म्हणणं मला सर्वांत जास्त लागलं. दोन जखमी माणसांना एकमेकांसमोर उभं करून पैसे वाचवायचे, हा विचार फौजेचा नाही. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी निवृत्त सेनाधिकारी आणि माजी सैनिकांची एक तज्ज्ञ समिती नेमली होती. सरकारने अपंग सैनिकांविरुद्ध न्यायालयांत लढत राहणं थांबवावं, अशी अपिलं मागे घ्यावीत, असं त्या समितीने सांगितलं. सैनिकाला भांडायला लावू नका, ही तक्रार फौजेच्या आतूनच आलेली होती. दहा वर्षांनंतरही बाई पिशवी घेऊन फिरतात.

फिरायचं कुठे, तेही सांगतो. नकार आला की सहा महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं गेलं की पुन्हा सहा महिन्यांत दुसरं. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. २००७च्या कायद्याने हे न्यायाधिकरण आलं आणि २००९ पासून कामाला लागलं, ही चांगलीच गोष्ट झाली. पण महाराष्ट्राचं खंडपीठ मुंबईला आहे. जबलपूरलाही एक आहे, आणि ते नागपूरपासून मुंबईच्या एक तृतीयांश अंतरावर आहे, पण ते मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचं. काटोलच्या बाईंना उद्या आजारी मुलासह रात्रभर रेल्वेने मुंबई गाठावी लागेल. नागपूरला लागूनच असलेल्या कामठीत फौजेची छावणी १८२१ पासून आहे, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं केंद्र तिथे आहे, सैनिकी कायदा शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. जिथे अधिकाऱ्यांना कायदा शिकवला जातो, तिथे जवानांचं ऐकायला वर्षातून चार दिवस खंडपीठ बसावं, ही मागणी विदर्भातल्या खासदारांनी लोकसभेत लावून धरली पाहिजे.

बाईंचं पहिलं अपील आम्ही पाठवलं आहे. त्याआधी माहिती अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडून भरतीच्या तपासणीचा कागद, बोर्डाचा एएफएमएसएफ-१६, कमांडरचा एएफएमएसएफ-१० आणि पोस्टिंगची यादी मागवली. भरतीच्या कागदावर मनाच्या आजाराची कसलीही नोंद नाही. बोर्डाच्या कागदावर आजाराच्या कारणांची जागा जवळपास कोरी आहे. पोस्टिंगच्या यादीत डोंगरावरची वर्षं आहेत. अपिलात मी मोठे शब्द वापरले नाहीत. कागद एकाखाली एक ठेवले आणि वर नियम लिहिला.

तुमच्या घरात, तुमच्या गावात असा एखादा मुलगा असेल आणि ‘नाना’ लिहिलेलं पत्र ट्रंकेत पडलं असेल तर ते आज बाहेर काढा. तारीख पाहा. सहा महिने झाले नसतील तर या आठवड्यात अपील पाठवा. वर्षं उलटली असली तरी पत्र फाडू नका. पेन्शनचा अन्याय दर महिन्याला नव्याने होतो हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालीच मान्य केलं आहे, उशीर झाला म्हणून मिळते ती थकबाकी तीन वर्षांपुरती आखडते, हक्क जात नाही. मात्र जुने सेवाकागद ठरावीक मुदतीनंतर नष्ट केले जातात आणि मग ओझं तुमच्यावर येतं, म्हणून थांबू नका. अपील लिहायला वकील लागत नाही. लिहिता येत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, नाहीतर गावातल्या एखाद्या निवृत्त क्लार्कला गाठा, आमच्यातल्या पुष्कळांनी ती वाक्यं टाइप केलेली आहेत.